वाद्यांच्या जागी माणसं

वाँग कार-वाई या हाँगकाँगच्या दिग्दर्शकाचा 'फॉलन एंजल्स' (१९९५) हा चित्रपट मी एका फिल्म सोसायटीच्या खेळात पाहिला. कथेपेक्षा त्याच्या शेवटी येणारं गाणंच जास्त लक्षात राहिलं. रात्रीच्या बोगद्यातून एक मोटरसायकल चालली आहे आणि मागे काही पुरुष गात आहेत. एकजण शब्द म्हणतो. बाकीचे खालून नुसत्या अक्षरांची लय धरून राहतात. वाद्य एकही नाही. मला ते गाणं फार आवडलं. ते आधी दुसऱ्या कुणी गायलेलं आहे, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

मूळ गाणं बऱ्याच काळाने कानावर आलं. 'ओन्ली यू' हे १९८२ सालचं, 'याझू' या इंग्लिश जोडीचं. व्हिन्स क्लार्कने ते लिहिलं आणि सिंथेसायझरवर वाजवलं. अ‍ॅलिसन मॉयेटने ते गायलं. म्हणजे चित्रपटात माणसांची अक्षरं म्हणून मी जे ऐकलं होतं, ते मुळात यंत्राचे ठोके होते. हे कळल्यावर मी पुरुषांचं गाणं पुन्हा लावलं, आणि तेच ध्वनिमुद्रण मला निराळं वाटलं. पहिल्यांदा मी एक गाणं ऐकलं होतं. आता दोन ऐकत होतो. यंत्र जिथे न थकता ठोका देत होतं, तिथे आता कुणीतरी माणूस श्वास सांभाळत उभा होता, आणि तो उभा आहे हे मला ऐकू येत होतं.

हे गाणारे 'फ्लाइंग पिकेट्स' नावाचे सहाजण. याझूचं गाणं ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. दीड-पावणेदोन वर्षांतच, १९८३च्या डिसेंबरात, या सहाजणांचं 'ओन्ली यू' पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि पाच आठवडे तिथे राहिलं. चाल लोकांना पाठ होती, मूळ तबकडी अनेकांच्या घरी असणार. तरीही तेच गाणं, वाद्यं वजा करून, लोकांनी पुन्हा विकत घेतलं. का? वाद्यांविना गाणाऱ्या संचांनी लोकप्रिय गाणी गाण्यात एवढं काय आहे की अमेरिकेतल्या विद्यापीठांत आज असे शेकडो संच आहेत, त्यांच्या स्पर्धा होतात, त्यांच्यावर चित्रपट निघतात? या प्रश्नाचा मी बरीच वर्षं पाठपुरावा केला. माझं उत्तर थोडक्यात असं, की या गाण्यात श्रम ऐकू येतात. मूळ गाणं आपल्याला पाठ असतं, म्हणून ते श्रम आपल्याला मोजताही येतात.

*

'आ कापेला' हा इटालियन शब्द. अर्थ 'चॅपेलच्या रीतीने', म्हणजे प्रार्थनागृहात गातात तसं. रोममध्ये पोपच्या सिस्टीन चॅपेलमध्ये वाद्यांविना गाण्याची परंपरा होती. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही बहुतेक ठिकाणी मानवी कंठाखेरीज दुसरं वाद्य चालत नाही. तिथे वाद्य नसतं ते धर्माच्या नियमामुळे.

पॉप गाण्यातल्या आ कापेलाची दुसरी वाट मात्र रस्त्यावरून आली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतली कृष्णवर्णीय मुलं आणि पुरुष नाक्यावर, न्हाव्याच्या दुकानात, घराच्या पायऱ्यांवर चौघाचौघांनी स्वर जुळवत गात. लुई आर्मस्ट्राँगही लहानपणी न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर अशा चौकडीत गायला. या गायकीला 'बार्बरशॉप' हे नाव मिळालं. पुढे १९३८ साली ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात तिच्या जतनासाठी संस्था निघाली, ती गोऱ्या पुरुषांची. १९६३पर्यंत त्या संस्थेत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. गाण्याचं हे मूळ कृष्णवर्णीयांचं आहे याची साधार मांडणी लिन अ‍ॅबट या अभ्यासकाने १९९२ साली केली, तोवर रंगीत पट्ट्यांचे कोट घातलेले गोरे गृहस्थ हेच त्या गायकीचं चित्र लोकांच्या मनात पक्कं बसलं होतं.

माणसाने वाद्याचा आवाज काढावा, ही कल्पनाही याच परंपरेतली. ओहायोतल्या पिक्वा गावचे मिल्स बंधू ट्रम्पेट, ट्युबा असे आवाज तोंडाने इतके हुबेहूब काढत, की गिटारखेरीज यात एकही वाद्य वापरलेलं नाही असा खुलासा त्यांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्यांवर छापावा लागे. तो खुलासा महत्त्वाचा आहे. कानाला वाद्य वाटलं पाहिजे आणि मनाला ते वाद्य नाही हे ठाऊक पाहिजे. यातलं एक जरी निखळलं तरी गंमत जाते.

याच इतिहासातला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. तबकड्या आणि रेडिओमुळे प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांची कामं जात होती, म्हणून १ ऑगस्ट १९४२पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. मोठ्या कंपन्यांपुढे प्रश्न पडला. गायक या संघटनेत नव्हते. तेव्हा वाद्यवृंदाच्या जागी गाणाऱ्यांचा संच उभा करून तबकड्या काढल्या गेल्या. १९४३ साली डिक हेम्सचं 'यूल नेव्हर नो' असंच निघालं, 'साँग स्पिनर्स' या गायकसंचाच्या साथीने, आणि ते पहिल्या क्रमांकावर गेलं. तरुण फ्रँक सिनात्रानेही त्या वर्षी अशाच तबकड्या केल्या. म्हणजे संपावर गेलेल्या वादकांची कामं त्या वेळी माणसांच्या गळ्यांनी केली.

आता 'फ्लाइंग पिकेट्स' या नावाकडे पाहू. ब्रिटनमधल्या खाणकामगारांच्या १९७२ आणि १९७४च्या संपांत, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाऊन धरणं धरणाऱ्या संपकऱ्यांच्या तुकड्यांना हे नाव होतं. हे गायक मूळचे नट, '७:८४' या डाव्या विचारांच्या नाटकमंडळीतले. देशातल्या सात टक्के लोकांकडे चौऱ्याऐंशी टक्के संपत्ती आहे, या आकडेवारीवरून त्या मंडळीने आपलं नाव घेतलं होतं. १९४३ साली गळ्यांनी संपकऱ्या वादकांची जागा घेतली. चाळीस वर्षांनी संपकऱ्यांचंच नाव लावलेल्या गळ्यांनी यंत्राची जागा घेतली. हे त्यांनी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण वाद्याविना गाणं म्हटलं की 'हे काम कोण करतं आहे' हा प्रश्न प्रत्येक वेळी पुढे येतो, एवढं मात्र खरं.

*

हे काम कसं चालतं ते जरा जवळून पाहू. एका पॉप गाण्यात गायकाखेरीज ड्रम, बेस गिटार, एक-दोन गिटार, कीबोर्ड असतात. आ कापेला संचाचा संयोजक हे सगळं माणसांत वाटतो. एकजण शब्द गातो. सर्वांत खर्जातला आवाज बेस गिटारचं काम करतो. एकजण तोंडाने तालवाद्य वाजवतो. हे कसब न्यूयॉर्कच्या हिपहॉपमधल्या 'बीटबॉक्सिंग'मधून आलं. बाकीचे आवाज मधली जागा भरतात. काही लांब स्वर धरून कीबोर्डसारखा पडदा उभा करतात, काही तुटक अक्षरांनी गिटारचे झटके देतात.

ही अक्षरं निवडणं हीच खरी कारागिरी. 'ऊ' म्हटलं की आवाज मागे जातो, 'आ' म्हटलं की पुढे येतो. 'डूम' मध्ये तार छेडल्याचा भास आहे, 'जिन्' मध्ये गिटारच्या तारेचा कणसूर. तबल्याचे बोल तोंडाने म्हणणारा माणूस हे लगेच समजेल. धा, तिरकिट, घिडनग ही अक्षरंही आघाताच्या नादावरूनच घडली आहेत, आणि पढंत चांगली असेल तर तबला न वाजताही ऐकू येतो. फरक एवढाच, की आपल्याकडे बोल हे वाद्याकडे नेणारी पायवाट आहेत. इथे ते वाद्याची जागाच घेतात.

जुन्या विद्यापीठीय संचांत हे नव्हतं. येल विद्यापीठाचा 'व्हिफेनपूफ्स' हा अमेरिकेतल्या विद्यापीठांमधला सर्वांत जुना आ कापेला संच, १९०९चा. पुढे मोठा गीतकार-संगीतकार झालेला कोल पोर्टर विद्यार्थिदशेत त्यात गात असे. हे संच एकत्र शब्द म्हणत, स्वरमेळ साधत. तोंडाने अख्खा वाद्यवृंद उभा करण्याची आजची पद्धत रुजवण्यात टफ्ट्स विद्यापीठाच्या 'बीलझेबब्ज' संचातून आलेल्या डीक शॅरन या संयोजकाचा वाटा मोठा. १९९१ साली त्याने आ कापेला गायकांची संघटना काढली. 'पिच परफेक्ट' (२०१२) या चित्रपटातल्या गाण्यांमागेही तो होता.

यात श्वासाचं गणित असतं. सिंथेसायझरचा स्वर हवा तितका वेळ टिकतो, माणसाचा टिकत नाही. म्हणून चौघांनी मिळून एक स्वर धरायचा असेल तर ते वेगवेगळ्या क्षणी श्वास घेतात. एकाने सोडलेली जागा बाकीचे तिघं भरून काढतात आणि स्वर अखंड वाटतो. तो अखंड आहे असं कानाला वाटतं आणि तो तसा असू शकत नाही हे आपण जाणतो. मिल्स बंधूंच्या तबकडीवरचा खुलासा इथे न छापता ऐकू येतो.

*

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या माझ्यासारख्या श्रोत्याला पाश्चात्त्य स्वरमेळ सुरुवातीला परका वाटतो. आपला कान स्वरांच्या वाटचालीकडे असतो, एका वेळी उभ्या राहणाऱ्या स्वरांच्या रचनेकडे नसतो. पण या गाण्यातली सर्वांत गूढ वाटणारी गोष्ट समजून घ्यायला मला तानपुऱ्याचीच मदत झाली.

तानपुरा उत्तम लागला की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. गंधाराला तिथे तार नाही; षड्जाच्या कंपनातच तो दडलेला असतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. षड्जाच्या पाचपट कंपनसंख्येचा हा उपस्वर. बार्बरशॉप गाणारे जिच्या शोधात असतात ती घटना याच जातीची आहे. चौघांचे स्वर ४:५:६:७ अशा सरळ प्रमाणात लागले, तर त्यांचे उपस्वर एकमेकांवर बसतात आणि चौघांपैकी कुणीच गात नसलेला एक वरचा स्वर घुमू लागतो. गायक म्हणतात, कॉर्ड 'वाजली'. खोलीत पाचवा माणूस आल्यासारखं वाटतं.

पेटीवर किंवा पियानोवर हे असं घडत नाही. त्यांची सप्तकं बारा सारख्या भागांत वाटलेली असतात, त्यामुळे त्यांचा शुद्ध गंधार स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी. पेटीवरच्या आक्षेपांत हाही एक होता, आणि १९४० ते १९७१ पेटीला आकाशवाणीवर मज्जाव होता, हे आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. गळ्यांना हे बंधन नाही. सोबत वाद्य नसलं की गाणारे एकमेकांचं ऐकत आपापला स्वर केसभर इकडेतिकडे सरकवतात. याची किंमतही असते. आधाराला तानपुरा नाही, म्हणून गाणं संपेपर्यंत सगळा संच मिळून थोडा खाली उतरलेला असू शकतो. प्रत्यक्ष मैफलीत ही जोखीम ऐकणाऱ्यालाही जाणवते, आणि ऐकण्याला धार येते.

*

आता मूळ गाणं पाठ असण्याचा मुद्दा. आपला मेंदू मानवी आवाजाला इतर नादांपेक्षा वेगळं वागवतो. कानशिलामागच्या भागातले काही प्रदेश माणसाच्या आवाजाला विशेष प्रतिसाद देतात, हे पास्काल बेलाँ आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं. टोरांटोच्या मायकेल वाइस आणि सहकाऱ्यांचा २०१२चा प्रयोग आपल्या विषयाच्या आणखी जवळचा आहे. त्यांनी लोकांना अनोळखी चाली ऐकवल्या. काही 'ला ला' करून गायलेल्या, काही पियानो, बँजो आणि मरिंबावर वाजवलेल्या. नंतर ओळखायला सांगितलं तर गायलेल्या चाली सर्वांत नीट ओळखता आल्या. शब्द नव्हते, तरीही. पुढे त्यांनी पियानोवादकांवरच हा प्रयोग केला. त्यांनाही पियानोवरच्या चालींपेक्षा गळ्यातल्या चालीच अधिक लक्षात राहिल्या.

म्हणजे कुठलीही ओळ गळ्यावर घेतली की ऐकणाऱ्याचं तिच्याकडे लक्ष जातं. पॉप गाण्यात बेस गिटारची ओळ आपण बहुधा पायाने ऐकतो. तिला चाल आहे हे मनात येत नाही. तीच ओळ एक माणूस गाऊ लागला की ती चाल होते. शंभर वेळा ऐकलेल्या गाण्यात एवढं सगळं होतं, हे पहिल्यांदा समजतं. अनोळखी गाण्यात हा शोध लागत नाही, कारण तुलनेला काही नसतं. 'फॉलन एंजल्स' पाहताना माझं नेमकं तेच झालं होतं.

म्हणूनच या प्रकाराला नुसती नक्कल म्हणून मोडीत काढणं मला आता पटत नाही. एके काळी मीही काढत होतो. स्नेहसंमेलनात कुणी रेल्वेचा आणि कुणी कोंबड्याचा आवाज काढतो त्याच रांगेत मी हे बसवत असे. पण नकलाकाराला आपण विसरावं आणि कोंबडाच दिसावा, हे नकलेचं यश. इथे गाणाऱ्याचा एक क्षणही विसर पडला तर सगळं फुकट जातं.

*

खरी अडचण पुढेच आहे. हे गाणं आज बहुतेक लोक पडद्यावर ऐकतात. आणि स्टुडिओत गळ्याचं काहीही करता येतं. बॉबी मॅकफेरिनचं 'डोन्ट वरी, बी हॅपी' १९८८ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, असं यश मिळवणारं ते तिथलं पहिलं आ कापेला गाणं. पण त्यातले सगळे थर एकट्याने एकावर एक मुद्रित केलेले आहेत. पुढे सुधारणेची साधनं आली. स्वर घसरला तर सरळ करता येतो, खर्ज आणखी खाली नेता येतो, तोंडाच्या ठोक्याला ढोलाचं वजन देता येतं.

'पेंटाटोनिक्स' हा टेक्सासमधून आलेला पाचजणांचा संच २०११ साली 'द सिंग-ऑफ' ही दूरचित्रवाणी स्पर्धा जिंकला. दोन वर्षांनी त्यांनी 'डाफ्ट पंक' या फ्रेंच जोडीच्या गाण्यांची गुंफण केली. डाफ्ट पंक म्हणजे यंत्रमानवांची शिरस्त्राणं घालून, गळ्याचा आवाज यंत्रातून काढणारे कलावंत. माणसांनी यंत्राचं सोंग घेतलं होतं, आणि पाच माणसं आता त्या यंत्राचं सोंग घेत होती. या संयोजनाला २०१५ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ते गाणं मला आवडतं. पण ऐकताना प्रत्येक वेळी शंका येते, की यातलं कुठलं गळ्याने केलं आणि कुठलं गळा आटोपल्यावर संगणकाने? ज्या गाण्याचा जीव 'हे माणूस करतो आहे' या विश्वासात आहे, तिथे ही शंका वरवरची नाही. स्वर शंभर टक्के सरळ केला की तो स्वर राखण्याची धडपड पुसली जाते, आणि मी ऐकायला आलो होतो ती धडपड. १९४२ साली वादकांची जी भीती होती, तीच आता दारातून आत येऊन गाणाऱ्यांच्या शेजारी बसली आहे.

या शंकेला उत्तर स्टुडिओबाहेर आहे, जिथे हे संच रोज संध्याकाळी तालमीला जमतात तिथे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली 'पेन मसाला' हा संच काढला. हिंदी चित्रपटगीत आणि इंग्रजी पॉप गाणं एकमेकांत गुंफून गाणं ही त्यांची खासियत. २००९च्या दिवाळीत व्हाइट हाउसमध्ये बराक ओबामांनी दिवा लावला तेव्हा हीच मुलं तिथे गायली. त्यांच्या गुंफणीचा पुरता आनंद कुणाला मिळतो? ज्याला दोन्ही गाणी पाठ आहेत त्याला. घरात आईवडिलांच्या कॅसेटवर एक आणि शाळेच्या बसमध्ये दुसरं ऐकत मोठी झालेली एक पिढी अमेरिकेत आहे. तिच्या दोन आठवणी इथे एका तालात बसतात. वाद्यं असती तर एकीकडे ढोलक आणि दुसरीकडे गिटार अशी वाटणी झाली असती. दोन्हींच्या जागी माणसाचाच गळा असल्यामुळे सांधा दिसत नाही.

एकत्र गाण्याने माणसं जवळ येतात, हे म्हणणं भाबडं वाटेल. पण त्यालाही आधार आहे. आयलुन्ड पिअर्स, जॅक लॉने आणि रॉबिन डनबार यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रौढांच्या गाण्याच्या, हस्तकलेच्या आणि लेखनाच्या नव्या वर्गांवर सात महिने लक्ष ठेवलं. शेवटी सगळेच वर्ग सारखेच जवळ आले होते. पण गाणारे इतरांपेक्षा लवकर जवळ आले. जवळ कुणाला येऊ द्यायचं, हे ठरवणारी दारं मात्र गाण्याने आपोआप उघडत नाहीत. बार्बरशॉपवाल्यांचं वर आलंच आहे. व्हिफेनपूफ्समध्ये पहिली स्त्री निवडली गेली ती २०१८ साली, स्थापनेनंतर एकशे नऊ वर्षांनी.

गेल्या महिन्यात घरी आम्ही तिघांनी एक प्रयोग केला. बहिणीने षड्ज धरला, भाच्याने पंचम, मी गंधार. आधी पेटीवरून स्वर घेतले, मग पेटी बंद केली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग मी गंधार हळूहळू अगदी जरासा उतरवला, आणि एका जागी तिघांचे आवाज एकदम स्थिर झाले, खोली भरल्यासारखी वाटली. जेमतेम दोन सेकंद. भाच्याला हसू फुटलं आणि ते मोडलं. त्याने विचारलं, "मामा, आता काय वाजलं?"

मी त्याला 'ओन्ली यू' लावून दिलं. आधी यंत्राचं, मग माणसांचं.